भागीचं घोडं

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन तुम्ही ठेवलात की रेंज गेली, हे मला अजून कळलेलं नाही. ठेवलात असंच धरून लिहितेय. फोनवर पुन्हा बोलायला गेले तर बाबा मध्येच तोडणार आणि आई "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलणार. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

पिंट्यानं जेवताना सांगून टाकलं, "अक्कानं रेसचा घोडा घेतलाय." आधी त्याचं वाक्य दुरुस्त करते. घोडा नव्हे, घोडी. आणि घेतलीय म्हणजे तिच्यातला दहावा वाटा घेतलाय. बाकीचे नऊ वाटे नऊ जणांचे. त्यात दोन डॉक्टर आहेत, एक कापडवाला आहे, आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण आहे (तिनंच मला ओढलं), आणि एक निवृत्त कर्नल आहेत, ते सगळ्यांत कमी बोलतात आणि सगळ्यांत आधी पैसे भरतात.

बाबा, तुम्ही म्हणालात, "भागीचं घोडं किवणानं मेलं, हे तुला शिकवायचं राहिलं व्हय गं आमच्याकडनं?" मला उत्तर सुचलं नाही. ही म्हण तुमच्या तोंडात पुस्तकातून आलेली नाही, हे मला माहीत आहे. काकांबरोबर अर्धलीनं घेतलेली ती म्हैस मला आठवते. तिच्या खुराच्या वरची जखम, तिच्यावर घोंगावणाऱ्या माश्या, आणि परसात तो वास. तुम्हाला वाटलं काका डॉक्टर आणतील, काकांना वाटलं तुम्ही आणाल. मी तेव्हा चौथीत होते. म्हैस गेली त्या दिवशी दोन्ही घरांत चूल पेटली नव्हती आणि त्यानंतर दोन दिवाळ्या काकांच्या घरचा फराळ आला नाही. किवण म्हणजे जनावराची चिघळलेली जखम, हे मला शब्दकोशात बघावं लागलं नाही.

म्हणूनच चौदा महिने सांगितलं नाही. चुकलंच ते.

बाबा, तुम्ही कारखान्याचे सभासद आहात, त्या भाषेत सांगते. कारखान्याचा शेअर घेतला की दिवाळीला सवलतीची साखर घरी येते आणि वर्षाकाठी सभेला जाऊन ओरडता येतं. घोडीचा शेअर घेतला की महिन्याच्या पाच तारखेला बिल येतं. ओरडता इथंही येतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर. घोडी 9 लाखांना घेतली, माझे 90 हजार. महिन्याचा खर्च, म्हणजे ट्रेनरची फी, चारा, नाल, घोडी सांभाळणारा सईस, सगळं धरून माझ्या वाट्याला साधारण 5,500 येतो. चौदा महिन्यांचे झाले 77 हजार. वरचं औषधपाणी 6,200. एकूण 1,73,200. आणि आले किती? बारकी, म्हणजे आमची घोडी, आजवर चारदा पळाली. त्यात एकदा चौथी आली. त्या बक्षिसातून ट्रेनर, जॉकी यांचा वाटा जाऊन, उरलेल्याचे दहा भाग होऊन माझ्या खात्यात जमा झाले 4,150. आकडे पिंट्याला नका विचारू, तो फुगवून सांगतो. हेच खरे आहेत.

म्हणजे ही गुंतवणूक नाही. मला ज्यांनी ती गुंतवणूक म्हणून सांगितली त्यांना मी तेव्हाच हसले होते. लोकांचे हिशेब बघणं हेच माझं पोट आहे, मला तरी कोणी हे विकू नये. प्राप्तिकराच्या कायद्यानंसुद्धा घोड्याला वेगळं बांधून ठेवलंय. रेसचा घोडा पाळण्यातला तोटा पगारातून वजा करता येत नाही. तो फक्त घोड्याच्याच उत्पन्नातून वजा होतो, आणि तोही पुढची चारच वर्षं. कायदा करणाऱ्याच्या घरातही कोणीतरी असा नादखुळा असणार. बँकेत तुमच्यासाठी ठेवलेल्या पैशाला मी हात लावलेला नाही. गाडी बदलायची ठेवली होती, ती बदलली नाही. एवढंच.

आता आई, तुझं. तू फार काही बोलली नाहीस, पण तुला धाकटा मामा आठवला असणार. त्याच्या खिशातल्या मटक्याच्या चिठ्ठ्या, आणि तुझ्या त्या कुड्या. सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली सांगितलंय की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. हे वाक्य मला तुझ्यासमोर म्हणायची छाती नाही. कुड्या कौशल्यानं गेल्या काय आणि नशिबानं गेल्या काय. पण मालक होणं आणि पैसे लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं धरून चाल. खिडकीवर पैसे न लावताही घोडी पळते. मी लावले एकदा. पहिल्या वेळी, 200 रुपये. बारकी नववी आली. तिकीट पर्समध्ये ठेवलंय, आलीस की दाखवते. सरकारनं 2023 च्या ऑक्टोबरात लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी घातला, तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्यांनी जे शब्द वापरले म्हणतात ते मात्र पत्रात लिहिता येत नाहीत.

बारकी हे तिचं तबेल्यातलं नाव. कागदावरचं इंग्रजी नाव मी लिहीत नाही, नाहीतर बाबा रोज पेपरात शोधत बसतील. ते नाव ठेवायला आम्हा दहा जणांना तीन आठवडे लागले. रोमन लिपीत मधल्या मोकळ्या जागांसकट 18 अक्षरांच्या वर जायचं नाही, असा नियम आहे. मी 'रंकाळा' सुचवलं होतं. कापडवाले म्हणाले, घोडीला तळ्याचं नाव दिलं तर ती पळेल कशी, साचून राहील. हरले मी.

कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची आहे. मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. कपाळावर तांदळाएवढा ठिपका. आणि बाबा, भोवरे! आजोबा बैल घ्यायला गेले की आधी भोवरे बघायचे, कुठला शुभ, कुठला घरबुडव्या. या घोडीच्या पासपोर्टवर तिचे सगळे भोवरे काढलेले आहेत. मी ट्रेनरला विचारलं, कुठला चांगला? ते हसले. शकुनासाठी नव्हे, ओळखीसाठी काढतात, एका घोड्याच्या जागी दुसरा पळवू नये म्हणून. आता मानेत चिपही असते, पण भोवऱ्यांचा कागद सुटलेला नाही.

शर्यतीचं फार सांगत नाही, कारण ती बघायच्या आत संपते. बाराशे मीटर, सव्वा मिनिटाच्या आतबाहेर. एक गंमत मात्र खासबागेत कुस्त्या बघत बसणाऱ्या माणसाला सांगायलाच हवी. इथं जो घोडा जिंकतो त्याचं रेटिंग वाढतं आणि पुढच्या खेपेला त्याच्या पाठीवर वजन चढतं, खोगिरात शिसं घालून. कुस्ती मारलेल्या पैलवानाच्या पाठीला पुढच्या मैदानात पोतं बांधावं तसं. हरणाऱ्याचं ओझं कमी करतात. सगळे एका रेषेत पोचावेत असा खटाटोप. बारकी त्यामुळे सध्या हलक्या ओझ्यानं पळते.

जुलैतल्या एका रात्रीचं मात्र सविस्तर सांगते.

मुंबईचा हंगाम हिवाळ्यातला आणि पुण्याचा पावसातला, म्हणून जुलैत ती इथं होती. रात्री पावणेअकराला ग्रुपवर मेसेज आला, घोडीचं पोट दुखतंय. घोड्याला ओकारी करता येत नाही, बाबा. जे आत गेलं ते पुढंच जायला हवं. म्हणून आपल्याकडं पोटदुखी म्हणजे ओवा आणि हिंग, घोड्याकडं पोटदुखी म्हणजे जिवाशी गाठ. अर्ध्या तासात ग्रुपवर चाळीसेक मेसेज पडले. काय झालं, कधीपासून, कोण आहे तिथं, हात जोडलेले, गणपतीचा फोटो. एका डॉक्टरांनी माणसांचं औषध सुचवलं. मी तो फोन हातात धरून बसले होते आणि मला आपलं परस दिसत होतं. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कोणी निघाला असेल.

मी वानवडीत राहते, रेसकोर्स जवळ. रेनकोट घालून गेले. बारकीला तिचा सईस चालवत होता. लगाम हातात, पाठीवर गोणपाट, पावसात गोल गोल. सोलापूरकडचा माणूस आहे, पन्नाशीचा. ती थांबली की पोटाकडे मान वळवून बघायची आणि बसायला लागायची, की हा "चल बारके, चल माझी बाय" म्हणून ओढायचा. खाली बसली आणि लोळायला लागली तर आतडं पिळवटायची भीती. घोड्यांचे डॉक्टर आले होते. नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं होतं, शिरेतून सलाइन चालू होतं. मी काय करणार? टॉर्च धरला. पहाटे साडेतीनला तिनं लीद टाकली आणि तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मी त्याला चहा आणायला गेले तर गेटवर कर्नल उभे. ते सव्वाअकरापासून तिथंच होते. ग्रुपवर त्यांनी एक अक्षर टाकलं नव्हतं.

नंतर कळलं, डॉक्टरला कोणी बोलावलं ते. आमच्या करारात एक कलम आहे, जे सही करताना मी वाचून पुढे गेले होते. सिंडिकेटचा, म्हणजे आम्हा दहा भागीदारांचा, एक मॅनेजर असतो, रेस क्लबाकडे त्याचं नाव नोंदवलेलं असतं. आई, तुझ्या भिशीत पैसे गोळा करणारी एकच बाई असते, तसं. जनावर आजारी पडलं तर मॅनेजर आणि ट्रेनर कोणाला न विचारता उपचार करतात, बिल मागाहून दहा ठिकाणी वाटलं जातं. त्या रात्री आमचे चाळीस मेसेज पडत होते तेव्हा डॉक्टर तिथं पोचून दहा मिनिटं झाली होती. तुम्ही आणि काकांनी म्हैस घेतली तेव्हा असा कागद केला नव्हता. दोन भावांत कसला कागद, असंच आजोबा म्हणाले असणार.

मी म्हण खोटी आहे असं म्हणत नाही, बाबा. सईस नसता तर आम्ही दहा जण मिळून गणपतीचेच फोटो पाठवत बसलो असतो. तेव्हापासून त्याच्या मुलीच्या बारावीच्या क्लासचे पैसे मी आणि कर्नल भरतो. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

पळणं संपल्यावर तिचं काय, हे मी घेतानाच विचारलं होतं. घोडी चांगल्या रक्ताची असली तर स्टड फार्मला जाते, नाहीतर रायडिंग शिकवणाऱ्यांकडं. सगळ्याच जनावरांचं भलं होतं असं मी सांगणार नाही, या धंद्याची ती बाजू मला आवडत नाही. आम्ही करारात लिहून घेतलंय की तिला विकायचं तर सात जणांची संमती लागेल आणि घेणारा कोण हे आधी बघायचं. जुन्या घोड्यांच्या रक्तातून सीरमही करत आले आहेत. पुण्याच्या पूनावालांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट काढली ती यातूनच, त्यांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जायचे त्यावरून. तुम्हाला उसात घोणस चावली होती तेव्हा सीपीआर रुग्णालयात जी इंजेक्शनं टोचली, ती घोड्याच्याच रक्तातून केलेली होती. तेव्हा घोड्यावर राग धरायचा तर जरा बेतानं.

का घेतलीस, असं आईनं एकदाच विचारलं. याचं नीट उत्तर माझ्याकडं नाही, आई. बाबा मला दसरा चौकात सीमोल्लंघनाला खांद्यावर घेऊन उभे राहायचे, आणि घोडे आले की माझे पाय घट्ट धरायचे. मला घोडे दिसायचे नाहीत एवढे त्यांचे हात लक्षात आहेत. त्यामुळंच असंही नाही. ऑफिसच्या मैत्रिणीबरोबर एकदा पहाटे तबेल्यात गेले, हिनं माझ्या खांद्यावर नाक ठेवून फुस्स केलं, आणि मी सही केली. पंचेचाळिशीत माणूस एखादी गोष्ट विचार न करता करतो, तशी.

आता बाबा, राग गेला नसेल तरी या. सप्टेंबरात पुण्याचा हंगाम चालू असतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालात तर पहाटेच्या अंधारात पुण्याला उतराल, मी स्टेशनवर असेन, घरी न जाता थेट सकाळचं ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, बघायला जाऊ. उजाडताना घोडे धुक्यातून येतात, तेवढंच बघा, शर्यत नाही बघितली तरी चालेल. आईच्या गुडघ्याला पायऱ्या नाहीत, तबेला जमिनीलगत आहे. चहा सईसाकडं मिळतो, गुळाचा. आपल्या गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, मात्र आणा, त्याला आणि बारकीला दोघांना. तिला अगदी सुपारीएवढा द्यायचा, ट्रेनर बघत नसताना.

आणि महाद्वार रोडवरून घेतलेली नवी चप्पल घालून येऊ नका. करकर ऐकली की ती कान मागं टाकते. जुनी, तेल पाजलेली आणा.

तुमची,
अक्का