ब्लॉक बदलू नकोस, आधी मोजून घे

नागपूर

प्रिय मिलिंद,

तुझा मेसेज वाचला आणि फोन न लावता सरळ लिहायलाच बसलो. फोनवर तू मधेमधे बोलशील, मी तापेन आणि मुद्दा राहून जाईल. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटर इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो ओतीव सांगाडा, काढून जागेवर २.० लिटरचा जुना ब्लॉक बसवायचा, आणि त्यासाठी मुदत ठेव मोडायची, असं तू जवळजवळ ठरवूनच टाकलंस. काऊन बाप्पा? तर त्या ट्यूनिंगवाल्यानं सांगितलं, 'साहेब, हॉर्सपॉवर ब्लॉकमध्ये असते.' मिलिंद, नसते. ब्लॉकमध्ये असते ती हॉर्सपॉवर सोसायची ताकद. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसाचे लाखभर रुपये भलत्याच ठिकाणी जातात, म्हणून एवढं लांबण लावतोय.

हॉर्सपॉवर येते जळालेल्या हवेतून. सिलिंडरमध्ये दर वेळी किती हवा शिरली, तिच्या जोडीला पेट्रोल किती मिळालं, जळून झालेल्या दाबापैकी किती पिस्टननं खाली क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यापर्यंत, नेला आणि हे मिनिटाला किती वेळा घडलं, एवढाच हिशेब. टॉर्कला, म्हणजे न्यूटन मीटरमधल्या पिळाच्या ताकदीला, आरपीएमनं गुण, ७,०२३ नं भाग, पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर हातात. तुझ्याच गाडीचं घे: २५० न्यूटन मीटर, ५,००० आरपीएम, उत्तर येतं १७८. कंपनीचे १८० म्हणजे हेच. आता यात हवा आत घ्यायचं काम कोण करतं? ब्लॉकवर बसणारं हेड, त्यातले व्हॉल्व्ह, ते उघडणारा कॅम, हवेच्या नळ्यांचं मॅनिफोल्ड आणि हवा दाबून कोंबणारा टर्बो. ब्लॉक बिचारा खाली उभा राहून सगळ्यांचा मार खातो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा बीएमडब्ल्यूचा आहे. १९६२ मध्ये त्यांची १५०० नावाची चार दरवाजांची घरगुती गाडी आली. १,४९९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ताकद ८० पीएस. वीसेक वर्षांनी त्याच घराण्यातला बिडाचा ब्लॉक घेऊन त्यांनी फॉर्म्युला वनसाठी दीड लिटरचं टर्बो इंजिन उभं केलं. नेल्सन पिके १९८३ ची चॅम्पियनशिप त्याच इंजिनावर जिंकला, आणि पुढच्या वर्षांत क्वालिफाइंगला बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढवला की ते हजाराच्या वर जायचं. कुठे ८० आणि कुठे हजार! ब्लॉकची जात तीच, सीसी तेवढीच. हेड नवं, क्रँक नवा, टर्बो आणि इंधन निराळं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर डोक्यातून जात नव्हतं.

पण दुसरी बाजूही याच गोष्टीत आहे. तो ब्लॉक हजाराचा मार खाणारा नसता, तर टर्बोनं कितीही हवा कोंबली असती तरी उपयोग काय होता? शंकरपटात शर्यत बैलजोडी मारते, छकडा नाही. पण छकड्याचा आसच मोडला तर बैल कितीही तयारीचे असोत, पट गेला. ब्लॉकचं काम त्या छकड्याचं.

आपल्या रस्त्यावरच्या गाड्या पाहा. फियाटचं १.३ मल्टीजेट, १,२४८ सीसी. स्विफ्टमध्ये ७५ पीएस, पहिल्या अर्टिगात ९०. एकात साधा टर्बो, दुसऱ्यात पाती फिरणारा, ब्लॉक तोच. फियाटचंच १,३६८ सीसीचं पेट्रोल इंजिन घे: लिनियात टर्बोविना ९०, लिनिया टी-जेटमध्ये ११४, अबार्थ पुंटोत १४५.

आता तुझी गाडी. तुझं १.८ आणि ऑक्टाव्हिया आरएसचं २.० ही सख्खी भावंडं. दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८२.५ मिलिमीटर, दोघांचा ब्लॉक बिडाचा, दोघांचा डेक बंद (डेक काय ते पुढे सांगतो). फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीचा: तुझा ८४.१, त्याचा ९२.८. सीसी १,७९८ वरून १,९८४, म्हणजे दहा टक्के वाढ. आणि २०१७ च्या आरएसची ताकद होती २३० पीएस, तुझ्यापेक्षा जवळपास २८ टक्के जास्त. दहा टक्के सीसीनं आणले म्हणू, उरलेले अठरा कुठून आले? मोठ्या टर्बोनं आणि त्यानं आत ढकललेल्या हवेनं. नुसता ब्लॉक नि क्रँक बदलून टर्बो जुनाच ठेवलास तर खालच्या आरपीएमला गाडी थोडी खुलेल, वर गेली की दम टाकेल. आणि एक गोष्ट तुझ्या ट्यूनिंगवाल्यानं सांगितली का? तुझ्या गाडीला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटरची, आणि तुझं इंजिन कंपनीतूनच तेवढा टॉर्क देतं. आरएसला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डबा दिला तो उगीच नाही. अबे, तू ब्लॉकची काळजी करतोयस आणि आधी जाणार गिअरबॉक्स!

तरीही ब्लॉकला काही महत्त्वच नाही असं मी म्हणणार नाही. आमचं पोट ब्लॉकवर चालतं आणि त्यातल्या बारकाव्यांवर माझा जीव आहे.

डेकपासून सांगतो. हेड ज्या सपाट तोंडावर बसतं तो डेक. ओपन डेकमध्ये वरून पाहिलं तर सिलिंडर पाण्यात उभ्या नळकांड्यांसारखे सुटे दिसतात, चारही बाजूंनी पाण्याची मोकळी खाच. ॲल्युमिनियमचा ब्लॉक साच्यात दाबानं भराभर ओतायचा तर हे सोयीचं, कारण पाण्याच्या जागेसाठी वाळूचा गाभा लागत नाही, आणि पाणी अगदी वरपर्यंत पोचतं. क्लोज्ड डेकमध्ये वरचं तोंड बंद, पाण्याला फक्त छोटी भोकं. ओतायला किचकट, पण सिलिंडरचा माथा चहूकडून धरलेला. याचा फरक कधी पडतो? ८२.५ च्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेत्रेपन्न चौरस सेंटिमीटर. वर १०० बार दाब आला तर पिस्टनवर साधारण साडेपाच टनांचा भार, आणि ६,००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा. खाली जाताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो, म्हणून पिस्टन सिलिंडरच्या भिंतीलाही बाजूनं रेटतो. बूस्ट वाढव, रेटा वाढतो. सुटा सिलिंडर वरच्या टोकाला हलायला लागतो, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट फुटतं, पाणी आत.

म्हणून ओपन डेक वाईट, असंही समजू नकोस. होंडाचं १९८९ चं बी१६ए ओपन डेकचंच. १,५९५ सीसी, टर्बो नाही आणि ७,६०० आरपीएमला १६० पीएस. लिटरमागे शंभर, तेही त्या काळात! दाब कमी, फेरे जास्त, त्या कामाला तो डेक पुरेसा होता. उलट मर्सिडीजच्या एएमजीनं २०१९ मध्ये ए४५ एस साठी दोन लिटरमधून ४२१ पीएस काढले तेव्हा ॲल्युमिनियमचा असूनही डेक बंदच ठेवला. किती दाब येणार ते आधी ठरतं, डेक त्यावरून.

दुसरी गोष्ट दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर. ते एकदा ओतलं की जन्मभराचं. त्या अंतरावर बोअर किती मोठा करता येईल ते ठरतं, बोअरवर व्हॉल्व्ह केवढा बसेल ते, आणि व्हॉल्व्हवर हवा किती येईल ते. इथे ब्लॉक आडवाटेनं का होईना, हॉर्सपॉवरला हात लावतो. शेव्हर्लेनं १९५५ च्या छोट्या व्ही-८ ला हे अंतर १११.७६ मिलिमीटर धरलं, इंजिन ४.३ लिटरचं. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधल्या ७ लिटर, ५०५ हॉर्सपॉवरच्या इंजिनातही अंतर तेच! पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर ओढलेल्या रेषेत एवढी जागा शिल्लक होती.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: बोअरचा गोलपणा. आमच्या वाडीच्या इंजिन-दुरुस्तीच्या शॉपवर येतात ते ट्रकचे ब्लॉक. वेट लायनर, म्हणजे सिलिंडरची सुटी नळी, काढा, नवा ठोका, चालू पडा. पण अधूनमधून कुणी हौशी पोरगा कारचा ब्लॉक घेऊन येतो, आणि त्या दिवशी उस्ताद मशीनवर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. परवा असाच एक ॲल्युमिनियमचा आला. होनिंग, म्हणजे बोअर घासून नेमका करणं, झालेलं, भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी एकसारखी. व्यास मोजणारं बोअर गेज आत सोडून फिरवलं तर सुई जागची हलेना. पोरगा खूश. मग उस्तादांनी टॉर्क प्लेट काढली, म्हणजे मधे सिलिंडरएवढी भोकं पाडलेला जाड पोलादी पत्रा. गॅस्केट घालून ती हेडच्याच बोल्टांनी कसली, टॉर्क रेंच लावून, ठरलेल्या क्रमानं. आणि तेच गेज त्याच बोअरमध्ये परत सोडलं. आता बोल्टांच्या जवळ सुई एकीकडे, दोन बोल्टांच्या मधे दुसरीकडे. वरच्या इंचभरात वीस-पंचवीस मायक्रॉनचा फरक. पोराचा चेहरा उतरला. बोल्टांनी धातू ओढला गेला होता आणि गोल बोअर चौकोनाकडे झुकला होता.

एवढ्याशा फरकानं काय होतं? बरंच होतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी वाकड्या भिंतीला सगळीकडून टेकत नाहीत. जळालेला वायू फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो, आपण ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते. हवा आत घेतलीस, पेट्रोल जाळलंस, दाब तयार केलास आणि तो क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून बाहेर सोडून दिलास. हे टाळायला रिंगांचा ताण वाढवावा तर घासण वाढते, ती ताकद उष्णतेत जाते. म्हणून जिथं ब्लॉक ताठ आणि होनिंग प्लेट लावून केलेलं, तिथं ढिल्या रिंगा चालतात आणि फुकटात हॉर्सपॉवर मिळते. निस्साननं जीटी-आरमध्ये बिडाचे लायनरच काढून टाकले आणि बोअरच्या भिंतीवर वितळलेल्या लोखंडाचा ०.१५ मिलिमीटरचा थर फवारला. घासण कमी, वजन कमी, उष्णता पाण्याकडे लवकर जाते. ब्लॉकमुळे हॉर्सपॉवर वाढते म्हणायचं असेल तर ती अशी वाढते, कणाकणानं. तुझ्या ट्यूनिंगवाल्याच्या ब्लॉक बदलण्यात यातलं काही नाही. तो जुना ब्लॉक कुणी, किती तापवून चालवला आणि त्याचा बोअर कुठे गेला, हे त्याला तरी ठाऊक आहे का?

शिवाय इथल्या उन्हाचं एक सांगतो. २५ अंशांवरची हवा ४५ वर गेली की तेवढ्याच जागेत सहा टक्के कमी मावते. मे महिन्यात इथे टर्बोविना कुठलीही गाडी, ब्लॉक सोन्याचा असला तरी, शंभरातले सहा आधीच घरी ठेवून निघते. टर्बोच्या गाडीत इंटरकूलर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर, थकतो, इंजिन नॉक व्हायला लागतं (पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडतात) आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच स्पार्क मागे घेतो, ताकद घटते. मागच्या उन्हाळ्यात समृद्धीवर तुझी गाडी 'बसल्यासारखी' वाटली म्हणालास, ते बहुतेक हेच. त्यावर इलाज चांगला इंटरकूलर, ब्लॉक नाही.

तर माझं ऐक. ठेव मोडू नकोस. पुण्यात आधी लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं, करून घे, इंजिन गरम असताना. गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर तुझा ब्लॉक ठणठणीत आहे. हवा कुठून जाते ते कान लावून ऐकायला सांग: ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह. मग इनटेक मॅनिफोल्ड उघडून व्हॉल्व्ह पाहा. तुझ्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि एवढ्या चाललेल्या गाडीत त्यांवर कोळशाचे थर बसलेले असणार. ते अक्रोडाच्या टरफलाची पूड मारून साफ करतात, धातूला ओरखडा येत नाही. एवढं झाल्यावर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढव. माझा अंदाज, तुझी हरवलेली ताकद तिथेच सापडेल. त्यानंतरही आणखी हवी असेल तर आधी गिअरबॉक्सचा विचार, मग टर्बोचा, आणि ब्लॉकचा सगळ्यात शेवटी.

लीक-डाउनचे आकडे चारही सिलिंडरचे पाठव, एकट्याचा नको. आपसातला फरकच मला पाहायचा आहे. त्या ट्यूनिंगवाल्याला ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रशांत