हँडल उजवीकडे वळवलं की

चिपळूण,
मंगळवार, रात्री

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. दादा उद्या सकाळच्या एसटीने कराडला येतोय, त्याच्याकडे पिशवी देतो. त्यात फणसपोळी आहे. मैत्रिणींना दे, नेहमीसारखी एकटीने संपवू नकोस.

रविवारी मी जे बोललो ते चुकलं. कुंभार्ली घाटाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. आई समोर बसून भाजी निवडतेय आणि अधूनमधून कागदाकडे बघतेय. आपल्या मोटारसायकलमध्ये काय सापडलं तेवढं कळवतो.

"बाबा, लाइट जरा मिचमिचते, बघा," एवढं सांगून तू एसटीत बसलीस. जरा! संध्याकाळी पोफळीचा टपरीवाला हॉर्न दाखवायला आला. म्हणाला, तुमच्या मुलीची कमाल आहे हो, शुक्रवारी रात्री इंजिन बंद, लाइट बंद, वरून पाऊस, आणि मागच्या ट्रकच्या उजेडात गाडी उताराला सोडून खाली आली. माझ्या हातातला स्क्रू पडला, तो अजून सापडलेला नाही. त्यानंतर मी तुला फोन लावला. पुढचं तुला माहीतच आहे.

सोमवारी गिऱ्हाइकांना दुपारी या म्हटलं आणि आपली गाडी घेतली. बॅटरी १२.६ व्होल्ट. चालू करून रेस दिली तर १४.२, म्हणजे चार्जिंग ठीक, मॅग्नेट कॉइल आणि आरआर युनिट दोन्ही. फ्यूज शाबूत, टर्मिनल घट्ट. हेडलाइटचा कपलर, म्हणजे बल्बला वायर जोडणारा प्लग, सोडून मोजलं तर १२.५. सगळं बरोबर. नवा पोरगा असता तर बल्ब बदलून पैसे घेऊन मोकळा झाला असता. मी कपलर परत जोडला, दिवा लावला आणि मागून पिन खुपसून मोजलं. ८.७. हँडल उजवीकडे वळवलं, शून्य.

वायरमधली एक तार जरी धड असली तरी मीटर बारा दाखवतो, कारण मीटर स्वतः काही खात नाही. ३५ वॅटचा बल्ब तीन अँपियरच्या आसपास मागतो, तेव्हा त्या एका तारेचा जीव निघतो. हे तुम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं असेल. मला शिकायला बरीच वर्षं आणि बरीच गिऱ्हाइकं लागली. तू फोनवर "मी मस्त आहे" म्हणतेस ना, ते मला बल्ब काढून घेतलेल्या रीडिंगसारखं वाटतं. असो.

टाकी उतरवली, हँडलच्या मानेपाशी टेप सोलली. चावीकडून येणाऱ्या मेन वायरला तिथे जोड होता. आत तांबं उरलंच नव्हतं, हिरवं पीठ झालं होतं. हेडलाइटही त्याच वायरवर आणि इंजिनला ठिणगी देणारं सीडीआयही त्याच वायरवर, म्हणून दिव्याबरोबर इंजिनही गेलं. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, नुसती पिळून काळी टेप मारलेली.

तो जोड माझा आहे, बाय.

२२ जुलै २०२१ चा पूर. पाणी ओसरल्यावर गॅरेजपासून रस्त्यापर्यंत चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती, आठवतं ना? तू बादल्या भरून देत होतीस आणि आक्का माडीवरून उतरायलाच तयार नव्हती. वीज नव्हती, सोल्डरिंग आयर्न नुसतंच हातात. लोकांना गाड्या हव्या होत्या, मी पिळून टेप मारत सुटलो. नंतर एकेकाला बोलावून सगळे जोड पक्के केले. ज्याने टाळाटाळ केली त्याच्या दारात जाऊन केले. आपली गाडी शेवटी करू म्हटलं आणि ती राहिली. प्रत्येक पावसाळ्यात पाणी टेपच्या आत उतरत गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि मी तुला रविवारी बेजबाबदार म्हणालो.

आता खराब झालेली वितभर वायर कापून टाकलीय. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. जोड मानेपासून मागे, टाकीखाली नेलाय, म्हणजे हँडल वळताना त्याच्यावर ताण येणार नाही. मानेपाशी थोडी ढील ठेवलीय. अर्थचा, म्हणजे सांगाड्याला जोडलेल्या वायरचा, बोल्ट काढून घासला, त्याच्याखालीही गंज होता. अर्धी दुखणी अर्थची असतात, लोक मात्र पॉझिटिव्हच्या मागे धावतात. आता दिवा चालू असताना कपलरवर १२.३ येतात.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली, म्हणजे पडू नये, पण पडलीच तर आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं लाल बटण, बघ. हसू नकोस. गुहागरचे एक गुरुजी गाडी ढकलत गॅरेजपर्यंत आले होते, घामाने निथळत. मी लाल बटण खाली केलं आणि गाडी सुरू झाली. बिचारे पैसे देत होते, मी चहा पाजला. मग हॉर्न वाजव. हॉर्न दणदणीत आणि लाइट मंद असेल तर बॅटरीला दोष देऊ नकोस, दुखणं लाइटच्या वाटेवर आहे. दोन्ही मेलेले असतील तर फ्यूज आणि टर्मिनल. स्टार्टर नुसताच टिकटिक करत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. फ्यूज लागोपाठ दोनदा उडाला तर तिसरा टाकू नकोस आणि सिगारेटची चांदी तर मुळीच गुंडाळू नकोस. कुठेतरी वायर सोलून सांगाड्याला टेकलेली असते, तिथे फ्यूज वाचला तर वायरिंग जळतं. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोड. तो भगभगीत पेटला तर शॉर्ट आहे. मग वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जा, जिथे बल्ब मंदावेल तिथे टेप सोल. आणि हे सगळं दिवसा, टपरीपाशी, माणसांत. रात्री वळणावर उभं राहून करायचं नाही. रात्री त्या रस्त्याला

झालं, आलोच तिथे. आई म्हणाली, लिहिलंत ना शेवटी?

तुला इलेक्ट्रिकलचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि मी दहावी पास माणूस तुला फ्यूज शिकवतोय. माफ कर. पण फ्यूजचा पाढा तुला मीच शिकवला होता. पाहुणे आले की आक्का तुला मधे उभं करायची आणि तू हात मागे बांधून म्हणायचीस, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. दोनचा पाढा त्यानंतर आला, म्हणून बाई रागावल्या होत्या. तुझा आवडता पिवळा. एकदा तू पिवळा फ्यूज कानात घालायला निघाली होतीस.

टपरीवाल्याने आणखी एक सांगितलं, ते रविवारी रागाच्या भरात मी ऐकून सोडून दिलं. तू म्हणे त्याच्याकडे चहा पिताना म्हणालीस, "हँडल डावीकडे ठेवलं की दिवा येतो, म्हणजे वायर मानेत गेलीय." भिजलेली, मीटर नाही, मोबाइलचा उजेड. मला मीटर घेऊन कोरड्या शेडमध्ये अर्धा तास लागला. काल दिवसभरात मी ही गोष्ट चार गिऱ्हाइकांना सांगितली. दादा म्हणतो, बाबा, आता पुरे.

आणि तरीही रात्री झोप लागत नाही. उजवं वळण आलं, तू हँडल वळवलंस, आणि काळोख. ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. अप्पाच्या वेळी मीच गेलो होतो टॉर्च घेऊन. तू लहान होतीस, तुला सांगितलं नाही, आताही सांगत नाही. गाडी चालवू नकोस असं मी म्हटलेलं नाही. तुला गिअर मीच शिकवले, आई नको म्हणत असताना. फक्त हेळवाकच्या पुढे अंधार पडायच्या आत. तेही जमलं तर. जमलं नाही तर कोयनानगरला थांब, फोन कर, मी येतो. कितीही वाजू देत. उशीर झाला म्हणून ओरडणार नाही. ओरडेन कदाचित, पण येईन.

गाडी तयार आहे. दोन दिवस हँडल दोन्हीकडे वळवून बघतोय, शेजारचे हसतात. शनिवारी एसटीने ये, रविवारी सकाळी गाडी घेऊन निघ. दुपारी म्हणालीस तरी चालेल. माझा टेस्ट लॅम्प मात्र घेऊन जा. बल्बला दोन वायरी आणि एक चिमटा, एवढंच आहे, पण मीटरपेक्षा कमी खोटं बोलतो.

परीक्षेची तारीख कळली की कळव.

तुझा
बाबा

ता. क. साइड कव्हरच्या आत दोन जादा फ्यूज टेपने चिकटवलेत. पंधराचे. रंग तुला सांगायला नको.