खालून पहिली गेम देणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

तुम्हाला दादा म्हणू की ताई तेच कळत नाहीये, कारण प्रोफाइलवर नावाच्या जागी नुसती चार अक्षरं आहेत आणि फोटोच्या जागी कंदील, आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही "काय फरक पडतो" एवढंच लिहिलंत. म्हणून नुसतं तुम्ही म्हणते. तुम्ही मला गेम भेट दिलीत तेव्हा चॅटवर मी थँक्यू लिहिलं, हात जोडल्याचे तीन इमोजी टाकले, पण ते लिहून झाल्यावर मनाला बरंच वाटेना, एवढंच का म्हणून. आठ दिवस झाले तरी आठवलं की घशाशी येतं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तिथे आपल्याला हव्या असलेल्या गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे आवडीच्या यादीत, टाकून ठेवता येतात, सेल लागला की मेल येतो की बघा तुमची ही गेम स्वस्त झालीये. आणि यादी उघडी असेल तर दुसऱ्याला पण ती दिसते, त्यातली एखादी तो तुम्हाला गिफ्ट करू शकतो. जगभर अनोळखी लोक एकमेकांना अशा गेम देत असतात, कुणाचा वाढदिवस म्हणून, कुणाला नोकरी लागली म्हणून, कुणी काहीच कारण नसताना. रेडिटवर तर त्यासाठी वेगळ्या जागाच आहेत, तिथे गेम मिळाली की आभाराची पोस्ट टाकायचा नियम आहे. मला तो नियम फार आवडतो, पण हे पत्र नियम म्हणून लिहीत नाहीये.

हे लिहिताना आधीचं पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते सांगितलं नाही तर तुम्ही काय केलंत ते नीट कळणारच नाही.

पहिल्यांदा एका स्ट्रीमरनं, म्हणजे लाइव्ह गेम खेळून दाखवणाऱ्यानं, तीन जणांना गेम देतो म्हणून सांगितलेलं, त्यात माझं नाव निघालं, लाइव्हमध्ये वाचलं पण, घरात मी आणि धाकटा भाऊ, आम्ही दोघं नाचलो. मग दोन महिने उद्या देतो, परवा देतो, आणि शेवटी ब्लॉक. दुसऱ्यांदा एका साइटवर गेमची "की", म्हणजे ती मिळवायचा कोड, स्वस्तात मिळते म्हणून माझ्या पगारातले पैसे घातले, तो कोड आधीच कुणीतरी वापरलेला निघाला, तक्रारीला आजतागायत उत्तर नाही. हे दोन्ही मी विसरून गेले असते, पैशाचं काय, येतात जातात.

तिसरं नाही विसरले. एकानं स्वतःहून गेम दिली, मोठी महागाची, मी नको नको म्हणत असताना. दुसऱ्या दिवशी नंबर मागितला. तिसऱ्या दिवशी फोटो. मी नाही म्हणलं तर म्हणे एवढे पैसे घातलेत तुझ्यावर. "तुझ्यावर" हा शब्द वाचून मला मळमळायला लागलं, खरंच सांगते. गेम मी चालू पण केलेली नव्हती. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेली असली तर रिफंड मिळतो, आणि गिफ्ट असेल तर ते पैसे ज्यानं घेतली त्याच्याकडे परत जातात, तेवढं शोधून काढलं आणि त्याच रात्री परत केली. तर आमच्या गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपमधले जुने जाणते लोक, ज्यांना मी दादा दादा करायचे, ते मलाच म्हणाले की फुकटची घेतलीस कशाला मग, घेतलीस तर आता तमाशा करू नको. एकानं पण त्या मुलाला एक शब्द विचारला नाही. चारशे लोकांचा ग्रुप होता तो.

त्यानंतर मी प्रोफाइल बंद करून टाकलं, विशलिस्ट लपवली, अनोळखी माणसाची फ्रेंड रिक्वेस्ट घ्यायची नाही हे ठरवलं. आणि गंमत म्हणजे स्टीमवर गिफ्ट येतं ते फ्रेंडलिस्टमधूनच. आधी म्हणे गिफ्ट घेऊन इन्व्हेंटरीत, म्हणजे आपल्या खात्यातल्या साठ्यात, ठेवता यायचं, मे २०१७ मध्ये ते बंद झालं, आता द्यायचं तर थेट मित्रयादीतल्या माणसालाच. म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं तर आधी त्याला घरात घ्यावं लागतं. मुलांना यात काही वाटत नसेल, मुलींना विचारून बघा.

दोन वर्षं असंच होतं. यंदा धाकट्यानं फारच मागे लागून यादी परत उघडायला लावली, म्हणला ताई एका माणसासाठी दार किती दिवस लावून बसणारेस. तो सतरा वर्षांचा आहे, असं काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलतो आणि आपल्याला गप्प करतो.

आणि मग तुमची रिक्वेस्ट आली. दोन दिवस ठेवली तशीच. तिसऱ्या दिवशी घेतली, हात थरथरत होता.

माझ्या यादीत एकोणतीस गेम आहेत. सगळ्यात वर त्या मोठ्या, नवीन, सगळ्यांना हव्या असतात त्या. कुणीही देणारा असता तर वरची उचलून दिली असती, किंवा त्यातली सगळ्यात स्वस्त दिली असती, ते पण चाललंच असतं की. तुम्ही काय केलंत तर पार खालपर्यंत गेलात. प्रत्येक गेमखाली ती यादीत कधी टाकली त्याची तारीख असते, बारीक अक्षरात, फिकट रंगात, मी स्वतः कधी वाचली नव्हती. तुम्ही वाचलीत. आणि तुमचा पहिला मेसेज, ना हाय ना हॅलो, ना कुठली आहेस, असा आला:

"सगळ्यात खाली राजी आहे, सप्टेंबर २०२० पासून. ही राहून गेलीय की मुद्दाम ठेवलीय?"

मी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर होते, समोर गिऱ्हाईक प्रिस्क्रिप्शन घेऊन उभं होतं आणि मला अक्षरं दिसेनात. मालकांनी विचारलं काय गं, बरं नाही का. मी म्हणलं काही नाही, धूळ गेली.

किती दिवसांनी कुणीतरी मला असं काही विचारलं होतं. काय पाहिजे हे विचारणारे भेटतात कधीमधी. कधीपासून पाहिजे आणि का राहिलं, हे कोण विचारतं हो? घरातली माणसं पण विचारत नाहीत, त्यांच्यामागे त्यांचं त्यांचं असतं. आणि त्यातही "मुद्दाम ठेवलीय का" हे. म्हणजे एखादी गोष्ट माणूस मुद्दाम पण ठेवत असेल, तिला आपण हात लावायच्या आधी विचारावं, एवढा विचार तुम्ही एका मुलीच्या यादीतल्या एकोणतिसाव्या गेमसाठी केलात. मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल.

तेव्हा मी "राहून गेलीय" एवढंच लिहिलं. आता पूर्ण सांगते.

लॉकडाऊनमध्ये घरात एक लॅपटॉप, चार जीबी रॅमचा, माझे ऑनलाइन लेक्चर झाले की धाकट्याची शाळा त्याच्यावरच. तो तेव्हा बारा वर्षांचा. त्यानं कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि ओरडत आला, ताई ही गेम पुण्यात बनवलीय! पुण्यात! कराडपासून तीन-साडेतीन तासांवर कुणी अशी गेम बनवतं हेच त्याला खरं वाटेना. नॉडिंग हेड्स म्हणून छोटी टीम आहे. २०१७ ला त्यांनी लोकांकडून पैसे गोळा करायची मोहीम काढलेली ती पुरी झाली नाही, तरी त्यांनी गेम सोडली नाही. राजी नावाची मुलगी, तिच्या लहान भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघते. बहीण भावाला शोधते म्हणल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणला, तू येशील का? मी म्हणलं येईन की. तेव्हा पीसीवर ती आलेली पण नव्हती, १५ ऑक्टोबरला येणार होती, म्हणून विशलिस्टमध्ये टाकून ठेवली. छोट्या टीमला त्याचा पण उपयोग होतो म्हणे, गेम आली की यादीत टाकणाऱ्या सगळ्यांना मेल जातो, पहिली गिऱ्हाइकं तीच. त्या वर्षी गेम अवॉर्ड्सला पदार्पणातल्या बेस्ट गेमसाठी तिचं नामांकन झालं, तर हा पोरगा घरभर अशी कॉलर ताठ करून फिरला जसं काय त्यानंच बनवलीय.

पण आमच्या लॅपटॉपवर ती चालणार नव्हती. आणि मग पप्पांचं काम सुटलं. दर सेलला मेल यायचा, राजी स्वस्त झालीये म्हणून, उन्हाळ्यात यायचा, डिसेंबरात यायचा, आणि दर वेळी काहीतरी असायचंच, आजीच्या गोळ्या, परीक्षेची फी, गॅस. गेम कुणाच्या हिशोबात बसते? गेल्या वर्षी कोल्हापुरात एक सायबर कॅफे बंद झाला तिथून जुना पीसी घेतला, दहा-पन्नास टीआय या जुन्या ग्राफिक्स कार्डचा, तोपर्यंत यादीत मी नवीन नवीन गेम ओढून वर आणत गेलेले आणि राजी खाली खाली गेली. आणि यंदा धाकटा डिप्लोमाला सांगलीला गेला, हॉस्टेलवर. तर राहून गेली ती अशी.

गिफ्ट त्याच संध्याकाळी आलं. सोबत मेसेज लिहायची जागा असते, तिथे लोक हॅपी गेमिंग वगैरे टाकतात. तुम्ही लिहिलंत, "पाच वर्षं थांबलात. आता खेळा. परत काही द्यायचं नाही. घेतलं की मला यादीतून काढा, गेम जात नाही."

हे शेवटचं वाक्य. मी तुम्हाला त्या मुलाबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तरी तुम्हाला कसं कळलं की समोरच्या माणसाला देणाऱ्याची भीती वाटू शकते? देऊन झाल्यावर स्वतःच दार दाखवणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. चारशे जणांना जे सुचलं नाही ते तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे. चांगुलपणा चांगुलपणा म्हणतात तो मला वाटतं असाच असतो, हलक्या पावलानं येतो, बघतो कुणाला काय लागतंय, आणि आपल्यामुळे कुणाची अडचण होत नाही ना हे पण बघतो. पैसेवाले देणारे पुष्कळ असतील. आधी वाचून बघणारे फार कमी आहेत हो, मग ती विशलिस्ट असू दे नाहीतर माणसाचा चेहरा.

मी तुम्हाला काढलेलं नाही. काढणार पण नाही.

डाउनलोड दोन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललं. शनिवारी रात्री धाकटा सांगलीहून एसटीनं आला, जेवला पण नाही धड, बॅग टाकली आणि बसला. मी म्हणलं हळू, आपण वाटून घेऊ, मेलं की दुसऱ्यानं घ्यायचं, लॉकडाऊनमध्ये ठरलेलं तसं. त्यात आता हिंदी आवाज पण आलेत, २०२२ च्या अपडेटमध्ये घातले, त्यामुळे आजी खाटेवरून ऐकत होती. दुर्गा आणि विष्णू वरून बघत गोष्ट सांगतात. मधे मधे गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून दाखवतात, तर ते आलं आणि आजी उठून बसली. तिचं माहेर कुडाळजवळ. म्हणली, हे तर आमच्या पिंगुळीचं, ठाकर लोक पडद्यामागं दिवा लावून चामड्याच्या बाहुल्या नाचवायचे, रामायण सांगायचे, आम्ही पोरं पुढं बसायचो. मग खुर्ची ओढून आमच्या मधे बसली, साडेअकरापर्यंत, जी रोज नऊला झोपते. धाकटा उड्या चुकवून पडला की ती "अगं आई गं" करायची. आणि दर दहा मिनिटांनी विचारायची, पोरगा सापडला का गं?

रविवारी दुपारी त्याला स्टँडवर सोडायला गेले. एसटीच्या खिडकीतून म्हणला, पुढचं माझ्याशिवाय खेळू नको. मी नाही खेळलेले. आजी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरकडे बघते, गोलूचं काय झालं म्हणते, मी तिला शनिवारपर्यंत थांब म्हणून सांगितलंय.

एक मात्र तुमच्याशी भांडण आहे. परत काही द्यायचं नाही म्हणालात, ठीक आहे, नाही देत. पण मी तुमच्या प्रोफाइलवर जाऊन बघितलं तर तुमची स्वतःची विशलिस्ट बंद करून ठेवलीत. तुमच्याही बाबतीत काही झालं असेल, मी विचारणार नाही. फक्त कधी वाटलं तर उघडा, चार दिवस का होईना. मी पगार झाला की थोडे थोडे पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवतेय. आणि उघडलीत तर मी पण सगळ्यात खालून बघायला सुरुवात करीन, तारीख वाचीन, आणि आधी तुम्हाला विचारीन, राहून गेलीय की मुद्दाम ठेवलीय.

तुमची,
कराडची, यादीत एकोणतीस गेम होत्या ती (आता अठ्ठावीस)