ही गिऱ्हाइके मला कुठे भेटतात

विश्रामबाग, सांगली
भाऊबीजेनंतरचा रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा साताऱ्याच्या स्टँडवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिले नाही. ज्यांना तू कधी पाहिलेले नाहीस आणि ज्यांनी तुला पाहिलेले नाही, ते लोक तुला चित्राचे पैसे का पाठवतात आणि मुळात ते तुला भेटतात कुठे, असा तो प्रश्न होता. गाडी लागली होती, आजूबाजूला गर्दी होती आणि खरे सांगायचे तर मला थोडा रागही आला होता, म्हणून "इंटरनेटवर" एवढेच बोलून मी आत जाऊन बसले. पतसंस्थेच्या काउंटरवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एवढे उत्तर पुरणार नाही, हे कराड येईपर्यंत माझ्या लक्षात आले होते. फोनवर हा विषय निघाला की आपले बोलणे वादात संपते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी ही माणसे कोण, ते सांगते. माझी निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके एक खेळ खेळणारी आहेत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये निघाला. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात, हल्ली पुष्कळदा आपापल्या घरी संगणकासमोर. त्यांतला एक जण गोष्ट पुढे नेतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होऊन बोलतात. डाव एका बैठकीत संपत नाही, महिनोन्‌महिने चालतो. इतके दिवस ज्याच्या तोंडून आपण बोललो, त्याला चेहरा मात्र नसतो, आणि तो चेहरा काढून घेण्यासाठी ही मंडळी चित्रकार शोधत असतात. गेल्या महिन्यात मी एक लंगडा धनुर्धर काढला आणि बोकडाची शिंगे असलेली एक वैदू बाई काढली. याखेरीज स्वतःच्या खर्चाने कादंबरी काढणाऱ्यांना मुखपृष्ठ हवे असते, कोणाला गेलेल्या कुत्र्याचे चित्र हवे असते, आणि पुण्याची काही जोडपी लग्नपत्रिकेसाठी स्वतःची गमतीदार चित्रे काढून घेतात.

ते भेटतात कुठे, हा प्रश्नाचा अवघड भाग. इंटरनेटवर रेडिट नावाच्या ठिकाणी एकेका आवडीचे वेगवेगळे गट आहेत, त्यांत केवळ चित्रे काढून घेणाऱ्यांचे आणि काढून देणाऱ्यांचेही आहेत. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर त्याहून लहान, बंद दारामागचे गट असतात, जिथे आमंत्रणाशिवाय शिरता येत नाही. पहिले वर्षभर मी या सगळ्या ठिकाणी माझे दरपत्रक चिकटवत फिरले. रंगीत, सुबक, तीन नमुने लावलेले दरपत्रक. त्यातून एकही काम आले नाही, उलट दोन गटांनी माझी जाहिरात काढून टाकली, कारण बहुतेक गटांत जाहिरातीसाठी वेगळी जागा ठरलेली असते आणि इतरत्र ती लावणे हा उद्धटपणा समजला जातो. चित्रे मागणाऱ्यांच्या गटांतही एका मागणीखाली तासाभरात इतके चित्रकार हात वर करतात की मागणारा भांबावतो आणि बहुधा पहिल्या काहींपलीकडे पाहतच नाही.

त्या दिवसांत मला आईच्या शिलाईची आठवण झाली. आई, तू मंगळवार पेठेत इतकी वर्षे ब्लाऊज शिवलेस, पण दारावर पाटी कधी लावली नाहीस. हळदीकुंकवाला गेलीस की तुझ्या अंगावरचा ब्लाऊजच बोलायचा. भिशीतल्या बायका आधी तुला भिशीतली म्हणून ओळखत होत्या, शिवणारी म्हणून नंतर. मी जिथे-तिथे पाटी लावत हिंडत होते आणि भिशीत मात्र कुठेच नव्हते. म्हणून सगळे सोडून मी एकच लहानसा गट धरला, तिथे तो खेळ शिकले, आठवड्यातून एकदा खेळायलाही बसू लागले, आणि चित्रांबद्दल तीन महिने चकार शब्द काढला नाही. एका रात्री डावात मोठी फजिती झाली तेव्हा गंमत म्हणून तो प्रसंग पेन्सिलीने काढून सर्वांना दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने विचारले की माझे पात्र नीट रंगवून देशील का आणि किती घेशील. त्याच्यामागून त्याच डावातले तिघे आले, आणि त्या तिघांच्या ओळखीतून पुढचे. आज जे काम येते त्यातले बरेचसे अशा सांगोवांगीतूनच येते. जाहिरातीच्या जागी माझे दरपत्रक अजूनही आहे, पण ते पाहून येणारा विरळा.

फुकट चित्र मात्र मी ते एकच काढले. "आत्ता पैसे नाहीत, पण तुझे नाव होईल" असे म्हणणारे जवळजवळ दर आठवड्याला भेटतात, आणि अशा नावाने विश्रामबागेतले घरभाडे निघत नाही.

कामाची रीतही तुझीच आहे. तू मापाचा ब्लाऊज घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नव्हतीस. मी पात्राचे लेखी वर्णन आणि संदर्भाची चित्रे हातात आल्याशिवाय सुरुवात करत नाही. निम्मे पैसे आधी घेते. मग कच्चे रेखाटन दाखवते, त्यात दोनदा बदल करून देते, त्यानंतर पक्की रेषा आणि रंग. रंग भरल्यावर कोणी हात वर हवा होता म्हणाला तर त्याचे वेगळे पैसे पडतात, कारण तयार ब्लाऊजची बाही बदलण्यासारखेच ते काम आहे. मुदत सांगताना आठवडाभर जास्तीचा धरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीत शिरले तेव्हा मी तिथेच राहत होते, आणि वीज नसल्यामुळे पाच दिवस मला कोणालाही साधा निरोप देता आला नाही. तेव्हापासून ही सवय लागली. माझ्या खोलीतला दिवा रात्री दोनपर्यंत का जळतो, याचेही उत्तर इथेच आहे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे तिकडचा माणूस दुपार उलटल्यावर कामातून सवड काढून बोलायला बसतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते.

आता बाबांसाठी पैशांचे. परदेशातली रक्कम पेपाल या सेवेतून येते. या सेवेने भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, पण परदेशातून येणारे पैसे चालू आहेत. माझा पॅन तिथे नोंदलेला आहे, प्रत्येक रकमेला ती कशाबद्दल आली याचा संकेतांक लागतो, आणि पैसे रुपयांत बदलून थेट माझ्या बँकेच्या खात्यात जमा होतात. मधले शुल्क आणि विनिमयातली घट मिळून बोचते, ते खरे. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके यूपीआयने देतात. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. माझी त्याच्या जवळपासही नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र मात्र मी दर वर्षी भरते आणि प्रत्येक चित्राची पावती जपून ठेवते.

फसवणूक होते का? होते, आणि माझी एकदा झाली, ती मी तुमच्यापासून लपवली होती. एका गिऱ्हाइकाने पूर्ण चित्र हातात पडल्यावर आपल्या कार्डाच्या कंपनीकडे तक्रार करून पैसे परत खेचून घेतले. तेव्हापासून मोठ्या आकाराची फाईल सर्व पैसे मिळाल्यावरच देते, आणि ठरलेल्या गोष्टींचे सगळे बोलणे लेखी ठेवते, म्हणजे तक्रार झालीच तर पुढे ठेवायला काहीतरी असते. दुसरा एक प्रकार असा, की कोणी तुमच्या फोटोवरून भिंतीवर चित्र काढायचे आहे असे सांगून भलीमोठी रक्कम देऊ करतो, खोटा धनादेश पाठवतो आणि वरचे पैसे परत मागतो. काउंटरवर असे लोक पाहिलेले असल्यामुळे तुम्ही तो पहिल्या वाक्यालाच ओळखला असता. मला दुसरे वाक्य लागले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला स्वामित्वहक्क चित्रकाराचा नसतो, पैसे देणाऱ्याचा असतो. हे कळले तेव्हा मी चकित झाले. आता प्रत्येक कामाआधी एका परिच्छेदात लिहून घेते की हक्क माझ्याकडे राहतील, चित्र स्वतःपुरते वापरायची मुभा आहे, आणि पुस्तकावर किंवा विक्रीच्या वस्तूवर छापायचे असेल तर त्याचा दर वेगळा.

बाबा, लहानपणी तुम्ही आम्हाला औंधला नेले होते. यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभे राहून तुम्ही म्हणाला होतात, की भवानराव पंतप्रतिनिधींसारखा स्वतः ब्रश धरणारा राजा असला तरच चित्रकार जगतो. मला तसा राजा मिळालेला नाही. थोडेथोडे पैसे देणारी चाळीसएक माणसे आहेत, आणि त्यांतली कोणतीही दोन एकाच महिन्यात रुसली तरी माझी चूल पेटते. चिंता आहे ती वेगळी. २०२२ पासून शब्द लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली, आणि स्वस्तातले चित्र मागणारे गिऱ्हाईक तिकडे गेले ते परतले नाही. मी असलेल्या गटांत यंत्राच्या चित्रांना बंदी आहे, त्यामुळे हाताने काढल्याचा पुरावा म्हणून रेखाटनापासूनची चित्रफीत द्यावी लागते. थोडे अपमानास्पद वाटते, पण देते.

आई, एक काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुझी मापांची निळी वही असेल, ती रद्दीत घालू नकोस. शिलाई बुडवणाऱ्या बायकांच्या नावापुढे तू लाल पेन्सिलीने फुली मारायचीस आणि त्या पुन्हा आल्या की "सध्या हातात काम फार आहे" असे गोड बोलून परत पाठवायचीस. तशी यादी मीही ठेवली आहे. तिच्यात सध्या तीन नावे आहेत, आणि त्यांतल्या एकाने कालच पुन्हा विचारणा केली आहे.

तुमची,
धाकटी