हवालदारकाकांस, सा. न. वि. वि.

ती. काका,

समोर आभार मानले असते तर "पुरे मगे" म्हणत तुम्ही पंखे बंद करायला उठला असता. म्हणून हे जाहीर पत्र. नातीला मोबाईलवर वाचून दाखवायला सांगा.

सुट्टीत वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांचा एक खेळ घेते, असं मी म्हटलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, कॅरम असणार. या खेळाला पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. उरलेलं सगळं जग, म्हणजे पाऊस, वाघ, पहारेकरी, ते मी व्हायचं. अडलं की फासे. अमेरिकेत 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तेव्हापासून जगभर लोक असं खेळत आलेत. पण लालबागच्या टेबलावर मला ड्रॅगन नको होता. मी गुंजीकरांची 1871 सालची 'मोचनगड' काढली, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. कारण अगदी व्यवहारी होतं: हा गड काल्पनिक आहे. रायगड घेतला असता तर "ताई, मी ट्रेकला गेलोय, तिथे असा दरवाजाच नाहीये" हे ऐकत बसावं लागलं असतं. शिवाय इतिहासावरून मोठ्यांचे फोन आले असते, ते वेगळेच.

पहिला शनिवार कसा पडला ते तुम्ही दारातून पाहिलंतच. मी घरून सात पानं लिहून आणली होती आणि ती वाचत सुटले होते. आठातली दोघं टेबलाखाली रील बघत होती, एक जण घड्याळ. मुलं गेल्यावर खुर्च्या एकात एक घालता घालता तुम्ही म्हणालात, "गो चेडवा, तू वाचतंस कित्याक? सांग मगे!"

82च्या संपात गिरणी सुटली आणि गावी जाऊन तुम्ही काही वर्षं दशावतारात उभे राहिलात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. रात्रभराचं नाटक आणि लिहिलेलं एक वाक्य नाही! आख्यान कुठलं, ते ठरलेलं. कोण कोणाला मारणार, तेही ठरलेलं. बोलणं मात्र उभं राहिल्यावर सुचायचं. मागे पायपेटी, मृदंग, झांज आणि पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. "समोरच्यान टाकलेला आधी उचल, मगे तुझा टाक," हे तुमचं सांगणं मी वहीत लिहून ठेवलं. खेळ घेण्याविषयी इंटरनेटवर महिनाभर जे वाचलं होतं ते सगळं या एका ओळीत होतं. सात पानं फाडली. उरलं एवढंच: सूर्य मावळलाय, गडाचे दरवाजे बंद झालेत, तुम्ही बाहेर आहात.

या खेळात वापरतात ते वीस बाजूंचे फासे आमच्याकडे नव्हते, म्हणून सापशिडीच्या डब्यांतले दोन साधे घेतले. बेरीज 10 किंवा वर आली तर काम फत्ते, 7 ते 9 आली तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, 6 किंवा खाली आली तर फजिती. एकाने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: 36 शक्यतांमध्ये निर्भेळ यश फक्त 6, बाकी दोन्ही 15-15. तेव्हापासून फासे उचलण्याआधी बोलून बघायची अक्कल सगळ्यांना आली.

आणि तो तिसरा शनिवार! माझा घसा बसला होता, तेव्हा हवालदार तुम्हीच झालात. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी असत आणि दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात. तुमच्या कमरेला कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा होताच. तो एकदा खुळखुळवून तुम्ही म्हणालात, "सूर्य बुडाला. हुकूम नाही." पोरांनी आरडाओरडा केला, लाच देऊन पाहिली, एकाने तर महाराजांचा निरोप आणल्याची थाप मारली. तुम्ही ढिम्म. मग दोन शनिवार तोंड न उघडलेली ती मुलगी, जिने मीठवालीचं पात्र घेतलं होतं, हळूच म्हणाली, "हवालदार, आम्हाला नका घेऊ. मीठ तेवढं आत घ्या. पावसात विरघळलं तर उद्या अख्खा गड आळणी जेवेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला काही सुचेना. तुम्ही जुडगा खाली ठेवलात. "मीठ आत. पण गोणी वाहणार कोण?"

"ती माझ्याशिवाय कोणाला उचलत नाही."

फासे पडले, 8. ती एकटी आत गेली आणि बाकीचे सात जण पावसात भिजत राहिले. टेबलावरचा तो हशा ऐकून पेपर वाचणारे आजोबासुद्धा वळून उभे राहिले. त्यांना तक्रार करायची होती बहुतेक, पण तुम्ही त्यांच्या हातात चहा दिलात.

त्या आठवड्यात 'मोचनगड'ची आपली एकुलती, बांधणी सुटलेली प्रत मागायला तिघं आली. जुनी भाषा जड जायची, म्हणून जिन्यावर बसून मोठ्याने वाचायची. शेवटपर्यंत एकीनेच वाचली. बाकीच्या दोघांनी मध्येच सोडली, खोटं कशाला सांगू?

आठचं वाचनालय सहा शनिवार तुम्ही साडेआठला बंद केलंत आणि नोंदवहीत आठच लिहिलंत. हे जाहीर पत्रात लिहायला नको होतं, पण आता लिहून झालं.

दिवाळीच्या सुट्टीत खेळ पुन्हा लागतोय. या वेळी खेळ ती मीठवाली मुलगीच घेणार आहे, मी नुसती खेळणार. तुम्ही गावाहून कधी येताय, ते तिने विचारायला सांगितलंय. गोणी अजून गडावरच आहे म्हणते, आणि बाहेर पडायलाही हवालदाराचा हुकूम लागतो.

आपली,
शनिवारची ताई