फुकट तिकीट आहे, पण बस कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, झकास झालं, आमची आई आता आधार कार्ड पिशवीत घालून एकटीच बेळगावच्या बाजाराला जाते, पण आमच्या गावच्या फेऱ्या तेवढ्याच, मग सकाळी कॉलेजची पोरं दारात लोंबकळत आणि आई भाजीच्या बुट्टीसकट पायरीवर! शेवटी टमटमला पैसे मोजावेच लागतात. त्यात टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं की संपलंच. निदान सकाळी आठ ते दहा दोन जादा फेऱ्या द्या, आणि पाटीवर नंबर मोठा लिहा, आईला कन्नड वाचता येत नाही, आकडा कळतो.

– एक प्रवासी, बेळगाव तालुका