त्या ४७ च्या शेजारी एक ओळ लिही

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज बाबांना केलास, मला नाही. म्हणजे राग आहे अजून. असू दे. फोनवर बोलायला गेलं की तू "हो आई, हो आई" करून ठेवून देतेस, म्हणून लिहिते. झोपेबद्दल अक्षरही काढायचं नाही, असं ठरवून बसलेय.

भाऊबीजेच्या रात्री दोनला तुझा फोन वाजला, तेव्हा मी मागेच उभी होते. सेटलमेंटचा जॉब, म्हणजे व्यवहारांचा हिशोब मिटवणारा प्रोग्रॅम, अडकला होता आणि तू बघता बघता सोडवलास. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण तू हसत म्हणालीस, "हे मॉड्यूल माझ्याशिवाय कुणाला कळतच नाही," आणि माझ्या पोटात गोळा आला. कळत नाही म्हणूनच तर फोन तुला येतो ना गं?

सकाळी मी विचारलं, कोडमध्ये मधेच तो ४७ कसला? तर तू म्हणालीस, चांगल्या कोडला कॉमेंट, म्हणजे शेजारी लिहिलेल्या टिपा, लागत नाहीत आई, तुमचा त्या जुन्या कोबॉल भाषेचा जमाना गेला. गेला. आणि निम्मं तुझंच बरोबर आहे. नावं नीट दिली, फंक्शन आटोपशीर ठेवली, तर "इथे एक मिळवला" छापाच्या कॉमेंट नुसता कचरा. कोड बदलला आणि वरची कॉमेंट जुनीच राहिली, तर ती नसलेली बरी. पण कोड काय करतो ते कोड सांगेल, का करतो ते कोण सांगणार? ४७ ला कितीही छान नाव दे, ४६ का नाही हे त्या नावात मावत नाही.

वाय-टू-केच्या वेळी, २००० साल लागलं की '००' ला कॉम्प्युटर १९०० समजतील या भीतीने, आम्ही दोन आकडी वर्षं हुडकत प्रिंटआउटच्या चळती उपसायचो. व्याजाच्या प्रोग्रॅममध्ये काही खाती वगळणारी एक अट निघाली. फालतू आहे, उडवा, असं सगळ्यांचं मत. वर सातव्या कॉलमात तारा (*) टाकून, म्हणजे कॉमेंट म्हणून, एक ओळ होती, मोडक्या इंग्रजीत: या खात्यांचं व्याज शाखा हाताने लावते, काढू नये. लिहिणारे साहेब केव्हाच रिटायर झालेले. त्यांची झोपमोड करावी लागली नाही.

३१ डिसेंबर १९९९ ला मी रात्रभर ऑफिसात होते. तुला ताप होता, आजी पट्ट्या बदलत होती, आणि मी दर तासाला फोन करून घरच्यांना उठवत होते. ती रात्र आठवली की अजून कसंतरी होतं. तुझ्या तर महिन्यातून कितीतरी रात्री अशा जातात.

एरियान-५ या युरोपच्या रॉकेटचं तुला कॉलेजात शिकवलं असेल. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालं आणि जेमतेम ४० सेकंदांत संपलं. आधीच्या एरियान-४ वरून चालत आलेला कोड, ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या छोट्या जागेत बसेना. पण माझ्या मनाला खरी लागते ती पुढची गोष्ट. असा धोका असलेली व्हेरिएबल, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, सात होती. चारांना संरक्षण दिलं, तीन तशीच सोडली. विसरून नव्हे, विचार करून, जुन्या रॉकेटच्या हिशोबाने. चौकशी समितीला त्या निर्णयाचं कारण कोडमध्ये कुठेच सापडलं नाही, ते कागदपत्रांच्या ढिगात गडप झालेलं. तिथेच दोन ओळी असत्या तर कुणीतरी विचारलं असतं, की बाबांनो, नव्या रॉकेटला हा हिशोब लागू आहे का?

झालं, लेक्चर. चिडू नकोस. तू माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेस, हे मी मोरे वहिनींना सांगते, फक्त तुला सांगत नाही. पण डोळ्यांखाली काळं दिसतंय, आणि बाबांचं बीपी पस्तिशीतच निघालं होतं. झोपेबद्दल बोलणार नव्हते ना मी!

दादाचं लग्न फेब्रुवारीत आहे. तोवर ४७ चं कारण लिहून टाक. मग तुमच्या त्या नव्या मुलाला तू शेजारी न बसता एकदा जॉब चालवू दे. अडेल तिथे त्याने तुला विचारायचं आणि उत्तर तू त्याला सांगायचं नाहीस, कोडमध्ये लिहायचंस. लग्नाच्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे ते रात्रीचे फोन, त्याच्याकडे. मॅनेजरशी आत्ताच बोलून ठेव, आयत्या वेळी नको.

तुझी,
आई

ता.क. मेथीचे लाडू चिवड्याच्या खाली आहेत. बीपी मोजून आकडा कळव, नुसतं "ठीक आहे" नको.